निरंक

"एक्केचाळीस नाही ताई, सत्त्याऐंशी."

नाशिककडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या फाटकापाशी एका शेतकऱ्यानं खिशातली छोटी डायरी उघडून माझ्यापुढं धरली. घामानं तिच्या कडा मऊ पडल्या होत्या. पानावर बॉलपेननं त्या दिवसाच्या तीन खेपा लिहिलेल्या: चाळीस, पस्तीस, बारा. खाली रेघ, आणि रेघेखाली सत्त्याऐंशी. आमच्या प्रिंटरनं काढलेल्या पावतीवर मात्र ४१ क्रेट. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. बागेतून पहाटे निघालेला माणूस तो, मागं पिकअप रिकामी उभी होती, आणि त्यांना फक्त बरोबर पावती हवी होती.

मी लॅपटॉप उघडून गेटवरच्या मुलीनं भरलेली नोंद पाहिली. तीही बरोबर: ४०, ३५, १२. तिन्ही आकडे एकाच रकान्यात, मध्ये स्वल्पविराम देऊन, आम्हीच सांगितलं होतं तसे. म्हणजे दोन्ही टोकांना माणसांनी लिहिलेलं बरोबर होतं आणि मधल्या माझ्या प्रोग्रॅमनं केलेली बेरीज चुकली होती. त्या माणसाचे सेहेचाळीस क्रेट जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या माझ्या कोडच्या दोन ओळींत कुठंतरी नाहीसे झाले होते.

त्या दोन ओळी मी नंतर इतक्या वेळा वाचल्या आहेत की पाठ आहेत. पहिलीत स्वल्पविरामावर तोडून मजकुराचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा आकडा करायचा. दुसरीत बेरीज. तुकड्यांचा आकडा करायला मी अ‍ॅरेच्या मॅपला थेट पार्सइंट दिलं होतं. अ‍ॅरे म्हणजे ओळीनं लावलेली यादी, मॅप म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकासाठी एक फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, बोलावणारी सोय, आणि पार्सइंट म्हणजे मजकुराचा आकडा करून देणारं फंक्शन. दिसायला सुबक. वाचणाऱ्याला वाटावं, 'प्रत्येकावर पार्सइंट चालव', इतकं सरळ.

पण मॅप ज्या फंक्शनला बोलावतो त्याच्या हातात एक नाही, तीन गोष्टी देतो: तो घटक, त्या घटकाचा क्रमांक, आणि अख्खा अ‍ॅरे. आणि पार्सइंट दोन गोष्टी घेतं: मजकूर, आणि तो कोणत्या पायातला आकडा समजून वाचायचा तो पाया (आपल्या नेहमीच्या मोजणीचा पाया दहा). त्यामुळं मॅपनं दिलेला क्रमांक पार्सइंटनं पाया म्हणून घेतला. '४०'चा क्रमांक शून्य. पाया शून्य म्हणजे दिलाच नाही असं पार्सइंट समजतं, दहा धरतं, आणि चाळीस बरोबर येतात. '३५'चा क्रमांक एक. एक हा पाया असूच शकत नाही, दोनपासून छत्तीसपर्यंतच चालतो. उत्तर नॅन, म्हणजे 'हा आकडा नव्हे'. '१२'चा क्रमांक दोन. द्विमान पद्धतीत शून्य आणि एक एवढेच अंक, तेव्हा पार्सइंटनं १ वाचला, २ पाशी थांबलं आणि उत्तर दिलं: एक. चाळीस, नॅन, एक.

बेरजेत एक जरी नॅन आला तरी सगळी बेरीज नॅन होते, आणि तसं झालं असतं तर पहिल्याच दिवशी पावतीवर ते दिसलं असतं. पण बेरजेच्या ओळीत मी लिहून ठेवलं होतं, आकडा नसेल तर शून्य धर. पावतीवर विचित्र काही छापलं जाऊ नये म्हणून. चाळीस अधिक शून्य अधिक एक, एक्केचाळीस.

हंगामाच्या सुरुवातीला माल थोडा असतो. बहुतेकांची एकच खेप यायची, आणि एका खेपेचा हिशेब कधीच चुकत नाही, कारण पहिल्या घटकाचा क्रमांक शून्य. आमच्या चाचण्याही सगळ्या एका खेपेच्या. मार्चमध्ये बागा जोरात उतरू लागल्या, लोक दिवसातून दोनदा-तीनदा येऊ लागले, आणि मग ही डायरी उघडली.

या चुकीत दोष कुणाचा, याचा मी पुष्कळ विचार केला. मॅपनं आपलं काम चोख केलं. पार्सइंटनंही आपलं काम चोख केलं. तिसरी वस्तू, तो अख्खा अ‍ॅरे, पार्सइंटनं न मागता आला होता. तो त्यानं मुकाट बाजूला ठेवला, हूं की चूं केलं नाही. पायथन या दुसऱ्या भाषेत दोन आर्ग्युमेंट, म्हणजे हातात द्यायच्या दोन गोष्टी, मागणाऱ्या फंक्शनला तीन दिले तर ते तिथंच थांबतं आणि किती हवे होते, किती आले, हे स्पष्ट सांगतं. जावास्क्रिप्टचं फंक्शन कुणालाच दारातून परत पाठवत नाही. जास्त आले तर जास्तीचे तसेच उभे राहतात. कमी आले तर रिकाम्या जागी अनडिफाइन्ड, म्हणजे 'किंमत ठरलेलीच नाही' ही खूण, बसवतं आणि कामाला लागतं.

हा स्वभाव भाषेला जन्मापासूनचा आहे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. त्यांना बोलावलं होतं ते ब्राउझरमध्ये स्कीम ही भाषा बसवायची आहे असं सांगून, पण वरून हुकूम आला की दिसायला ती जावा या दुसऱ्या भाषेसारखी हवी. स्कीममध्ये फंक्शनच्या व्याख्येत एक टिंब देऊन 'आणि पुढचे सगळे' असं म्हणायची सोय आधीपासून होती. सी या भाषेत मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफ या फंक्शनसाठी तीन टिंबं होती. पण सीतल्या त्या फंक्शनला किती जण आले हे कळायचा मार्ग नसतो. प्रिंटएफ पहिल्या मजकुरातल्या खुणा मोजतं आणि तेवढे आले असतील असा विश्वास ठेवतं. कमी आले असले तर मेमरीत तिथं जे काही पडलं असेल ते उचलतं. त्यापेक्षा जावास्क्रिप्ट फार मायाळू आहे. ती आलेल्यांची नोंद ठेवते. १९९७च्या पहिल्या प्रमाण आवृत्तीतसुद्धा प्रत्येक फंक्शनच्या आत आर्ग्युमेंट्स नावाची एक वस्तू आहे, आणि तिला लेंग्थ आहे. कोण आलं, कोणत्या क्रमानं आलं, आणि एकूण किती आले.

ती लेंग्थ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मामाची वही आठवली.

मामा तहसील कचेरीत कारकून होता. घरातलं कुठलंही लग्न असलं की आहेराच्या टेबलाशी तोच बसायचा, आणि नववी-दहावीत असताना त्याच्या शेजारी पाकिटं फोडायला मी. लांबट वही, तांबडी कापडी बांधणी, आडव्या पानावर त्यानं पट्टीनं आखलेले रकाने: अनुक्रमांक, नाव, गाव, आहेर. पाकीट आलं की मी नाव वाचायचं, आतली नोट मोजायची, वरचा एक रुपया वेगळा ठेवायचा, आणि मामानं लिहायचं. मावसबहिणीच्या लग्नात एक पाकीट निघालं, वर नाव सुवाच्य, आत काहीच नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. घाईत नोट घालायची राहून गेली असणार. मी ते बाजूला टाकणार एवढ्यात मामानं हात पुढं केला.

"आण इकडं."

"अरे पण रिकामं आहे."

"माणूस आलाय ना?"

त्यानं अनुक्रमांक टाकला, नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि आहेराच्या रकान्यात त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: निरंक.

मला तो शब्द तेव्हा माहीत नव्हता. मामानं सांगितलं, कचेरीत वरून माहिती मागवतात. अमुक गावात किती घरं पडली, किती जनावरं दगावली. एकही नसलं तरी रकाना कोरा ठेवून चालत नाही, तिथं निरंक लिहायचं. कोरा रकाना म्हणजे अजून कुणी बघितलंच नाही. निरंक म्हणजे बघितलं, आणि काही नाही. आणि ज्या गावाचा कागदच आला नाही ते तिसरंच, त्या तलाठ्याला फोन लावावा लागतो. "तीन वेगळ्या गोष्टी आहेत या," तो म्हणाला, आणि पुढचं पाकीट मागितलं.

आहेराची वही नुसती जमाखर्चाची नसते. त्यांच्या घरी कार्य निघालं की आपण ही वही काढून बघतो. त्या वहीत नाव नसेल तर आपण समजतो ते आलेच नव्हते, आणि तसंच वागतो. रिकाम्या पाकिटाचं नाव वगळलं असतं तर एका आलेल्या माणसाला आम्ही न आलेला ठरवलं असतं.

जावास्क्रिप्टमध्ये या तिन्ही गोष्टी आहेत, आणि माझ्या मते व्हेरिएबल आर्ग्युमेंटचा, म्हणजे किती येतील हे आधी न ठरलेल्या आर्ग्युमेंटचा, सगळा प्रश्न या तिघांना वेगळं ठेवण्याचा आहे. नल म्हणजे निरंक: कुणीतरी विचारपूर्वक लिहिलेलं 'काही नाही'. अनडिफाइन्ड म्हणजे कोरा रकाना. आणि तिसरं म्हणजे जे पास केलंच नाही, ज्याचं पाकीटच आलं नाही. पॅरामीटरच्या, म्हणजे येणाऱ्या आर्ग्युमेंटसाठी फंक्शननं राखलेल्या जागेच्या, नावानं विचारलं तर दुसरं आणि तिसरं एकसारखंच दिसतं, दोन्हीकडं अनडिफाइन्ड. फरक फक्त मोजणीत कळतो. अनडिफाइन्ड हातानं पास केलं तर आर्ग्युमेंट्सची लेंग्थ एक. काहीच पास केलं नाही तर शून्य.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण भाषेतली नेहमीची फंक्शन त्यावर चालतात. तारीख बनवणारं न्यू डेट कंसात काही न देता बोलावलं तर आत्ताची वेळ मिळते. त्यालाच अनडिफाइन्ड दिलं तर मिळते 'इनव्हॅलिड डेट'. नल दिलं तर नलचा शून्य होतो आणि मिळतो १ जानेवारी १९७०, आपल्याकडच्या घड्याळानं पहाटे साडेपाच. तीन प्रकारचं 'नाही', तीन उत्तरं. त्याच पॅकहाऊसच्या कामात आमच्यातल्या एकानं तारखेचं एक छोटं फंक्शन लिहिलं होतं, जे येईल ते न्यू डेटला पुढं द्यायचं. ज्या ठिकाणी पूर्वी न्यू डेट रिकाम्या कंसानं बोलावलं जायचं तिथं आम्ही हे नवं फंक्शन रिकाम्या कंसानं बोलावलं. मध्ये एक माणूस आला आणि न आलेल्या पाकिटाचं कोरं पाकीट झालं. गेटपासावर तारखेच्या जागी 'इनव्हॅलिड डेट' छापून आलं. ती चूक दिसली तरी. अ‍ॅरेच्या स्प्लाइसची दिसत नाही. स्प्लाइस यादीतले घटक काढून टाकतं. त्याला नुसतं दोन सांगितलं तर तिसऱ्या घटकापासून शेवटपर्यंत सगळे निघतात. दोन आणि अनडिफाइन्ड सांगितलं तर एकही निघत नाही, कारण अनडिफाइन्डचा शून्य होतो आणि शून्य घटक काढले जातात. मध्यस्थ फंक्शन लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी भोवतं.

न्यू अ‍ॅरेचं तर आणखी अवघड. त्याला तीन आणि चार दिले तर तीन आणि चार असलेला अ‍ॅरे मिळतो. नुसते तीन दिले तर तीन रिकाम्या जागांचा. एकाच दारातून एक जण आला तर तो पाहुणा नसून पाहुण्यांची संख्या आहे, असा हा न्याय. २०१५मध्ये अ‍ॅरे ऑफ आलं ते यासाठीच, की एक असो वा दहा, आलेला प्रत्येक जण घटकच समजला जावा.

आलेल्यांच्या संख्येवरून काय करायचं ते ठरवणारी फंक्शन एका काळात फार लोकप्रिय होती. २००६मध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार फंक्शनांची लायब्ररी आली. तिच्यात एचटीएमएल हे फंक्शन रिकाम्या कंसानं बोलावलं तर आतला मजकूर वाचून देतं, आणि मजकूर देऊन बोलावलं तर तो लिहितं. मी त्याच काळात शिकले, मला ते अतिशय आवडायचं. एकच क्रियापद, कर्म दिलं तर एक अर्थ, नाही दिलं तर दुसरा. मराठीत आपण असं सतत बोलतो. 'बघ' म्हटलं की समोरच्याला कळतं काय बघायचं ते. पण तिथं समोर माणूस असतो, आणि नाहीच कळलं तर तो 'काय?' म्हणून विचारतो. फंक्शन विचारत नाही. आता मी वाचायचं आणि लिहायचं फंक्शन वेगळं ठेवते.

आर्ग्युमेंट्स या वस्तूबद्दल मात्र मला आजही एक हळवा कोपरा आहे, तिच्यात खोडी असल्या तरी. ती अ‍ॅरेसारखी दिसते, क्रमांकानं विचारता येते, लेंग्थ सांगते, पण अ‍ॅरे नाही. स्लाइस नाही, मॅप नाही, जॉइन नाही. म्हणून आम्ही सगळे जण अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवरचं स्लाइस उचलून, त्याला कॉलनं आर्ग्युमेंट्सवर चालवून, खरा अ‍ॅरे करून घ्यायचो. ती ओळ हात झोपेतसुद्धा लिहायचे. त्या काळच्या व्हीएटमध्ये, म्हणजे क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनात, तर हे केल्यानं फंक्शन हळू व्हायचं, कारण आर्ग्युमेंट्स बाहेर गेली की त्यातला कोड वेगवान करणारा क्रँकशाफ्ट ते फंक्शन सुधारून द्यायचं सोडून द्यायचा. मग लोक हातानं लूप लावून एकेक उचलायचे. २०१७मध्ये क्रँकशाफ्ट गेला आणि तो विषयही गेला.

तिची दुसरी खोडी अधिक खोल आहे. साध्या पॅरामीटरच्या, स्ट्रिक्ट मोड (कडक नियमांची पद्धत) नसलेल्या फंक्शनमध्ये आर्ग्युमेंट्स आणि पॅरामीटर एकमेकांना बांधलेले असतात. पहिल्या पॅरामीटरला नवी किंमत दिली की आर्ग्युमेंट्समधला शून्य क्रमांकही बदलतो, आणि उलटही. वहीत आकडा खोडून दुसरा लिहावा आणि पेटीतली नोट बदलावी, तसं. आणि हे फक्त आलेल्यांपुरतं. जो पॅरामीटर पास झालाच नाही त्याचं हे नातं जुळत नाही, त्याला नंतर किंमत दिली तरी आर्ग्युमेंट्समध्ये तो उगवत नाही. म्हणजे काय आलं होतं याची नोंद काम करता करता अर्धी बदलते आणि अर्धी नाही. २००९च्या पाचव्या आवृत्तीत स्ट्रिक्ट मोड आला आणि त्यात हा बंध तोडला. आल्या क्षणीची नोंद आल्या क्षणीची राहते. मामा शाईनं लिहायचा. खाडाखोड झाली तर बाजूला सही. मला स्ट्रिक्ट मोडमधला हा बदल त्या सगळ्या आवृत्तीतला सर्वांत प्रामाणिक बदल वाटतो.

मग जून २०१५ची आवृत्ती, आणि तीन टिंबं.

तीन टिंबांनी लिहिलेल्या, उरलेली सगळी आर्ग्युमेंट गोळा करणाऱ्या रेस्ट पॅरामीटरनं काय केलं हे सांगताना लोक बहुधा सोय सांगतात: आता खरा अ‍ॅरे मिळतो, ते स्लाइस-कॉल लिहावं लागत नाही. ते खरंच आहे. पण माझ्यासाठी मोठी गोष्ट वेगळी आहे. पूर्वी एखादं फंक्शन कितीही आर्ग्युमेंट घेतं की नाही हे त्याच्या पहिल्या ओळीवरून कळायचंच नाही. कंस रिकामा, आणि आत खोल कुठंतरी आर्ग्युमेंट्स हा शब्द. पूर्ण वाचल्याशिवाय पत्ता लागायचा नाही. आता पहिल्या ओळीतच लिहिलेलं असतं: हा शेतकरी, आणि टिंब टिंब टिंब खेपा. दारावरच पाटी. ही तीन टिंबं मी मनात 'बाकीचे सगळे' अशी वाचते. बाकीचे सगळे नेहमी शेवटीच येतात, एकदाच येतात, आणि भाषेचा नियमही तोच आहे. रेस्ट एकच, आणि तो शेवटचा.

आणि बाकीचे कुणीच आले नाहीत तर? रेस्ट पॅरामीटर अनडिफाइन्ड होत नाही. रिकामा अ‍ॅरे होतो. टोपली रिकामी, पण टोपली आहे. तिच्यावर मॅप चालवा, लूप फिरवा, लेंग्थ विचारा, काही मोडत नाही.

त्याच वर्षी आलेली डिफॉल्ट, म्हणजे काही न आल्यास धरायची, किंमत तर मामाच्या शिकवणुकीला धरून आहे. पॅरामीटरला डिफॉल्ट दिला असेल आणि अनडिफाइन्ड आलं, किंवा काहीच आलं नाही, तर डिफॉल्ट बसतो. नल आला तर बसत नाही. कोरा रकाना भरायची परवानगी आहे. निरंक लिहिलेला रकाना कुणी आपल्या मनानं भरायचा नाही.

बाणाच्या खुणेची अ‍ॅरो फंक्शनही त्याच आवृत्तीतली, आणि त्यांना स्वतःची आर्ग्युमेंट्स नसतेच. आत तो शब्द लिहिला तर बाहेरच्या फंक्शनची मिळते. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये सगळ्यात बाहेर एखादं अ‍ॅरो फंक्शन लिहून त्यात आर्ग्युमेंट्सची लेंग्थ छापून पाहा, पाच येतात. तुम्ही काहीच दिलेलं नसतं. नोड प्रत्येक फाइल एका फंक्शनमध्ये गुंडाळून चालवतो, त्याला दिलेले ते पाच. पहिल्यांदा हे पाच पाहिले तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसले होते. आपण ज्या खोलीत बसून लिहितो आहोत तीच एका मोठ्या फंक्शनच्या आत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ज्या गोष्टीपाशी मी अजूनही थांबते ती मॅथ मॅक्स. कितीही आकडे द्या, सर्वांत मोठा देतं. एकही आकडा दिला नाही तर? उत्तर उणे अनंत. बहुतेकांना हा वेडेपणा वाटतो. कामावर नवीन आलेल्या मुलांना मी आधी दुसरा प्रश्न विचारते: बेरीज कुठून सुरू करता? शून्यापासून. का? कारण शून्य मिळवल्यानं कशालाच धक्का लागत नाही. गुणाकार? एकपासून, त्याच कारणानं. मग 'सर्वांत मोठा' शोधताना सुरुवात अशा आकड्यापासून हवी जो कुणालाही हरवणार नाही, जो पहिला येईल त्याच्यापुढं हटेल. तसा आकडा एकच, उणे अनंत. मॅथ मिन रिकामं बोलावलं तर अनंत, त्याच न्यायानं. म्हणजे 'कुणीच आलं नाही' याला या फंक्शननं विचार करून उत्तर दिलं आहे. कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनची परीक्षा मी इथं घेते. शंभर आले तर काय करतं हे कुणीही सांगेल. शून्य आले तर काय करतं, हे ज्यानं आधी ठरवलं त्यानं ते फंक्शन खरोखर लिहिलं.

(शंभराची गोष्ट निघाली म्हणून: अख्खा अ‍ॅरे तीन टिंबांनी पसरून मॅथ मॅक्सला देता येतो, पण लाखभर नोंदींचा अ‍ॅरे असा पसरू नका. सफारीच्या इंजिनात ६५,५३६ आर्ग्युमेंटची मर्यादा पक्की घातलेली आहे, दुसऱ्या काही इंजिनांत स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या कामासाठी राखलेली मेमरी, भरतो. मोठ्या अ‍ॅरेला साधा लूप बरा.)

त्या दिवशी फाटकापाशी मी चूक शोधली तेव्हा पहिली दुरुस्ती सुचली ती पार्सइंटच्या जागी नंबर हे फंक्शन घालायची. नंबर एकच आर्ग्युमेंट घेतं, मॅपनं दिलेले बाकीचे दोन त्याला बाधत नाहीत. आकडे लगेच बरोबर आले. चाळीस, पस्तीस, बारा. त्या शेतकऱ्यांना मी नवी पावती दिली. त्यांनी डायरीतल्या सत्त्याऐंशीशेजारी बारीक बरोबरची खूण केली, पावती तिच्यात घडी घालून ठेवली आणि गाडीकडं गेले.

रात्री हंगामाच्या जुन्या नोंदी पुन्हा मोजायला घेतल्या. मूळ मजकूर आम्ही जसाच्या तसा साठवला होता, म्हणून प्रत्येकाचा खरा आकडा परत काढता येत होता. हे एक बरं झालं होतं. तेवढ्यात एका नोंदीत दोन स्वल्पविराम लागोपाठ दिसले. तीस, मग काही नाही, मग अठरा. नंबरला रिकामा मजकूर दिला तर तो शून्य देतो, बिनतक्रार. मी पुन्हा तेच करणार होते. फक्त या वेळी पांघरूण माझ्याऐवजी भाषेनं घातलं असतं.

दुरुस्ती बदलली. एक छोटं अ‍ॅरो फंक्शन, घटक एकच घेणारं, आत पार्सइंट, आणि पाया दहा असा उघड लिहिलेला. रिकाम्या मजकुराला ते नॅन देतं. आणि बेरजेतली ती 'नसेल तर शून्य'ची ओळ मी काढून टाकली. आता कोरी जागा आली की बेरीज थांबते आणि कुठल्या शेतकऱ्याची कितवी खेप ते सांगते.

सकाळी गेटवरच्या मुलीला मी ते दोन स्वल्पविराम दाखवले. ही मधली खेप आलीच नव्हती का, विचारलं.

"आली होती ना ताई," ती म्हणाली. "मण्यांना तडे होते, तपासणीत सगळे क्रेट परत गेले. मग काय लिहू? क्रेट तर शून्य. पण शून्य लिहिलं तर हिशेबवाले म्हणतात गाडी आली नाही, गाडीभाडं नाही. म्हणून सोडलं कोरं."

म्हणजे तिच्या हातात तिन्ही गोष्टी होत्या, आणि आम्ही तिला एकच रकाना दिला होता.

ते एका ओळीचं खेपांचं खातं आम्ही काढून टाकलं. आता प्रत्येक खेपेला स्वतःची ओळ, 'खेप जोडा' बटण दाबलं की नवी. किती ओळी येतील हे कुणी आधी ठरवत नाही. आत बेरजेचं फंक्शन आहे, शेतकरी आणि बाकीच्या सगळ्या खेपा, तीन टिंबांनी. गाडी आली नाही तर ओळच नाही. आली आणि माल परत गेला तर एक बटण, ते दाबलं की नल साठतो. तो सर्व्हरकडं जाताना टिकतो, हेही महत्त्वाचं. खेपेच्या नोंदीत क्रेटची किंमत अनडिफाइन्ड असेल तर जेसन, म्हणजे पाठवण्याजोगा मजकूर, करताना तो रकाना वाटेतच गळून पडतो. नल मात्र पलीकडं नल म्हणूनच पोचतो.

बटणावर काय लिहायचं यावर आमची थोडी चर्चा झाली. कुणी 'रद्द' म्हटलं, कुणी 'माल नाही'. मी 'निरंक' लिहिलं आणि गेटवरच्या मुलीला दाखवलं. शब्द कळतो का, हे विचारायचं होतं. तिचे वडील ग्रामपंचायतीत शिपाई आहेत, ते मला नंतर कळलं. तिनं काही विचारलं नाही. मधल्या खेपेची गाडी क्रमांकासकट ओळ भरली, बटण दाबलं, आणि पुढच्या पिकअपला हात केला.